भाजी धुतली, गर्दी विसरलो

२०२० साली आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, १० ते १८ जुलै कडक टाळेबंदी होती. त्याआधी किराणा भरायला मीही दुकानातल्या गर्दीत तासभर उभा राहिलो, मास्क हनुवटीवर! घरी सत्तरीची आई, म्हणून भाजी मात्र साबणाने धुतली. चूक दुहेरी होती. कोरोना मुख्यत्वे श्वासावाटे, कोंदट जागेतील हवेतून पसरतो. पिशव्या-पुड्यांवरून धोका फार कमी. उलट भाजीला साबण राहिल्यास उलट्या-जुलाब होऊ शकतात. तेव्हा वाचकहो, साथीच्या काळात यादी करून, गर्दी नसताना जावे. नाक-तोंड नीट झाकावे, लवकर परतावे. आल्यावर हात साबणाने २० सेकंद धुवावेत. भाजीला साधे वाहते पाणी पुरे.