विजेचा फेरा : टॉर्चपासून धानाच्या बांधीपर्यंत



भंडारा जिल्ह्यांत, तुमसर तालुक्याच्या टोकास, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ बपेरा हें धान पिकविणाऱ्या लोकांचें गांव आहे. अशा गांवीं रात्रीं बांधीचें पाणी पाहावयास निघालेल्या शेतकऱ्याच्या हातीं टॉर्च असते. ती लावणें लहान मुलासही येतें. परंतु ती कां लागते, हें थोड्यांनाच सांगतां येईल. हा विषय केवळ जिज्ञासेचा नव्हे. ज्या नियमानें टॉर्चचा दिवा लागतो, त्याच नियमानें उघड्या तारेवर मनुष्याचा प्राण जातो.

प्रथम सेल घेऊं. साध्या सेलचें बाहेरचें भांडें जस्ताचें असतें, मध्यें कोळशाची कांडी असते, आणि तिच्या सभोंवतीं काळी ओलसर भुकटी दाबून भरलेली असते. ह्या भुकटींत मुख्यत्वें मँगॅनीज डायऑक्साइड असतो. तो ज्या खनिजापासून मिळतो, तें बपेऱ्याच्याच तालुक्यांत, डोंगरी बुजुर्ग येथील खाणींत निघतें व सेलच्या कारखान्यांस जातें. सन १८०० मध्यें इटलींतील व्होल्टा ह्यानें धातूंच्या चकत्या व मिठाच्या पाण्यांत भिजविलेलीं फडकीं एकावर एक रचून पहिला अखंड विद्युत्प्रवाह मिळविला. पुढें १८६६ मध्यें फ्रान्समधील लक्लांशे ह्यानें जस्त, कोळसा व मँगॅनीज ह्यांचा घट केला. आपला सेल त्याचाच वंशज होय. आंतील रासायनिक क्रियेनें जस्तावर ऋण विद्युत् सांचते आणि कांडीचें टोंक धन होतें. ह्या दोन टोंकांमधील ओढीस दाब म्हणतात. एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो.

आतां हा प्रयोग घरीं करून पाहा. एक सेल, टॉर्चचा एक लहान बल्ब व तारेचे दोन तुकडे घ्या. एका तारेनें सेलची पितळी टोपी बल्बच्या बुडाशीं जोडा. दिवा लागणार नाहीं. दुसऱ्या तारेनें बल्बची धातूची बाजू सेलच्या तळाशीं जोडा, दिवा लागेल. मग कोणतीही तार कोठेंही सोडा. दिवा तत्काळ विझेल. पाटाचें पाणी एकाच दिशेनें जाऊन शेतांत मुरतें. वीज तशी नव्हे. ती रहाटाच्या माळेसारखी आहे. माळ अखंड असेल तर सर्व गाडगीं एकदमच हलतात. एक दुवा तुटला कीं सर्वच थांबतात. सेलपासून निघून दिव्यांतून पुन्हां सेलकडे येणाऱ्या ह्या अखंड वाटेस मंडल म्हणतात. बटन म्हणजे हें मंडल जोडण्याची व तोडण्याची सोय होय.

किती प्रवाह वाहील, हें दोन गोष्टींवर ठरतें : दाब किती आणि वाटेंत अडथळा, म्हणजे रोध, किती. जर्मनींतील ओहम नांवाच्या शिक्षकानें १८२७ मध्यें हा नियम प्रसिद्ध केला. दाबाच्या व्होल्टांस रोधाच्या ओहमांनीं भागिलें असतां प्रवाहाचे अँपिअर मिळतात. दोन सेल एकापुढें एक ठेविले म्हणजे दाब ३ व्होल्ट होतो. पेटलेल्या बल्बचा रोध १० ओहम असेल, तर प्रवाह ०·३ अँपिअर होईल.

घरांतील दिवे मात्र एकापुढें एक नसून शेजारीं शेजारीं जोडलेले असतात. प्रत्येकास स्वतंत्र फांटा असल्यामुळें एक मालविला तरी दुसरा जळत राहतो. घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट असून तिची दिशा दर सेकंदास अनेकदां पालटते. तरी मंडलावांचून तीही वाहत नाहीं.

येथेंच धोका आहे. गांवांत ज्यास डी. पी. म्हणतात, त्या रोहित्रापासून निघालेल्या तारांपैकीं एक तेथेंच जमिनींत जोडलेली असते. म्हणून जमीन ही स्वतःच परतीची वाट आहे. पक्षी एकाच तारेवर दोन्ही पाय ठेवून बसतो, त्याचें मंडल पुरें होत नाहीं. परंतु ओल्या बांधींत अनवाणी उभा असलेला मनुष्य जिवंत तारेस शिवला, तर तोच मंडलाचा तुकडा होतो. ओल्या अंगाचा रोध सुमारें १००० ओहम धरिला, तर २३० व्होल्टांनीं ०·२३ अँपिअर प्रवाह वाहील. त्याच्या निम्मा प्रवाहही हृदयाची गति बिघडवून मृत्यु आणूं शकतो.

“फ्यूज आहे ना?” असें कोणी म्हणेल. फ्यूज तार जळूं नये म्हणून असतो. पांच अँपिअरचा फ्यूज पाव अँपिअरनें वितळत नाहीं. मनुष्यासाठीं निराळें यंत्र मिळतें. तें गेलेला व परत आलेला प्रवाह ताडून पाहतें, आणि ०·०३ अँपिअर इतकी तूट आढळतांच मंडल तोडतें. तें घरीं व पंपापाशीं बसवून घ्यावें.

रानडुकरांपासून धान राखण्यासाठीं कित्येक जण तारेवर आंकडा टाकून धुऱ्यावर जिवंत तार पसरतात. त्यांत जनावरांबरोबर शेजारी, गुराखी, कधीं तार लावणारा स्वतःही मेला आहे. आंकडा टाकणें २००३ च्या विद्युत् कायद्यानें चोरी आहे. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, अंधारांत ती तार माणूस आणि डुक्कर ओळखीत नाहीं.

कोणी तारेस चिकटला तर त्यास हात लावूं नये. लावणारा त्याच मंडलांत सांपडतो. आधीं बटन बंद करावें. तें शक्य नसेल तर कोरड्या जागीं उभें राहून कोरड्या लाकडानें तार दूर सारावी. उच्च दाबाची तार पडली असेल, किंवा तार कोणती हें कळत नसेल, तर जवळ न जातां इतरांस दूर ठेवावें व वीज कचेरीस कळवावें.

उजळणीसाठीं प्रश्न
१. एकाच तारेनें दिवा कां लागत नाहीं?
२. पक्षी वांचतो व मनुष्य मरतो, ह्याचें कारण काय?
३. फ्यूज असूनही मनुष्य सुरक्षित कां नाहीं?
४. आपल्या धुऱ्यावरून रात्रीं कोण कोण जातें?