येणाऱ्या कॅमेऱ्याचे ‘आयएमपी’

पीएल लागली की होस्टेलवर एकच धंदा जोरात चालतो, आयएमपी काढण्याचा. मागचे पाच-सहा पेपर पुढ्यात घ्यायचे, कुठला प्रश्न वर्षाआड येतो ते बघायचं, कुठल्या युनिटला किती मार्क ते मोजायचं आणि मग छातीठोकपणे सांगायचं, “हा येणारच!” यात दोन प्रकारची मंडळी असतात. एक म्हणजे कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलेलं पुढे ढकलणारी, आणि दुसरी खरोखर पेपर समोर ठेवून हिशोब करणारी. पास बहुतेक दुसरीच होतात.

बाजारात येऊ घातलेल्या कॅमेऱ्याचंही अगदी असंच असतं. फोटोग्राफी क्लबचं काम माझ्याकडे असल्यामुळे दरवर्षी कोणीतरी लॅबच्या दारात उभं राहून विचारतंच, “सर, नवीन मॉडेल येतंय म्हणे. थांबू का?” त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, पण ते कसं काढायचं हे मात्र शिकता येतं. त्यासाठी मी मुद्दाम एक जुनं उदाहरण घेतोय, कारण त्याचा निकाल लागलेला आहे. म्हणजे आपली उत्तरं तपासून बघता येतील.

साल २००८. कॅननचा ‘ईओएस ५डी’ ऑगस्ट २००५ मध्ये आला होता. पुढे तीन वर्षं झाली तरी त्याच्या वारसाचा पत्ता नव्हता. मग त्या वर्षी कॅननने एक जाहिरात काढली : काळोख, चंद्र आणि अंधारात जेमतेम दिसणारा एक कॅमेरा. बस्स! जगभरचे फोटोग्राफर त्या अंधारात डोळे फाडून बघू लागले. आपण तसं न करता पेपर सोडवायला घेऊ.

प्रश्न १ ला : कधी येईल?

हा सगळ्यात सोपा, दोन मार्कांचा. जर्मनीतल्या कोलोन शहरात ‘फोटोकिना’ नावाचं मोठं प्रदर्शन तेव्हा दर दोन वर्षांनी भरत असे. २००८ चं प्रदर्शन २३ सप्टेंबरला सुरू होणार होतं. कुठलीही कंपनी आपला महत्त्वाचा माल अशा जत्रेच्या आधी किंवा जत्रेतच काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. झालंही तसंच. निकॉनचा डी७०० १ जुलैला, कॅननचा ५०डी २६ ऑगस्टला, निकॉनचा डी९० २७ ऑगस्टला, सोनीचा ए९०० ९ सप्टेंबरला आणि आपला ‘५डी मार्क टू’ १७ सप्टेंबरला जाहीर झाला.

प्रश्न २ रा : सेन्सर केवढा, आणि किंमत किती?

५डी ची सगळी मिजास होती ती त्याच्या सेन्सरमुळे. तो फुल-फ्रेम होता, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, सुमारे ३६ × २४ मि.मी. क्षेत्रफळ ८६४ चौ.मि.मी. कॅननच्या स्वस्त कॅमेऱ्यांतला सेन्सर सुमारे २२.२ × १४.८ मि.मी., म्हणजे ३२९ चौ.मि.मी. मोठा सेन्सर छोट्याच्या २.६ पट. मग किंमतही २.६ पटच हवी ना? इथेच गंमत आहे.

सेन्सर सिलिकॉनच्या गोल वेफरवर बनतात (बटाट्याच्या नव्हे!). २०० मि.मी. व्यासाच्या वेफरचं क्षेत्रफळ ३१,४१६ चौ.मि.मी. भागाकार केला तर मोठे ३६ आणि छोटे ९५ बसतील. पण गोलात चौकोन बसवताना कडेचा भाग वाया जातो, आणि चौकोन जितका मोठा तितकी ही नासाडी जास्त. शिवाय वेफरवर कुठेतरी दोष असतातच. समजा, एका वेफरवर असे २० दोष विखुरलेले आहेत. मॅथ्समध्ये घोकलेलं पॉइसन वितरण इथे कामाला येतं. एका सेन्सरच्या वाट्याला सरासरी किती दोष येतात ते काढा आणि e चा तेवढा उणे घात घ्या. मोठ्या सेन्सरसाठी सरासरी ०.५५, म्हणून निर्दोष निघण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के. छोट्यासाठी सरासरी ०.२१, म्हणून ८१ टक्के. म्हणजे मोठा सेन्सर संख्येनेही कमी निघतो आणि त्यातलेही जास्त फुकट जातात. २.६ पटीचा फरक कडेची नासाडी धरायच्या आधीच ३.७ पटीवर जातो.

तरीही किंमत वाढणार नाही, असं म्हणायला जागा होती. ५डी २००५ मध्ये ३,२९९ डॉलरला आला होता, पण आता फुल-फ्रेमवाला डी७०० २,९९९ डॉलरला समोर उभा होता. शेजारच्या टपरीवाल्याने चहा स्वस्त केला की आपल्यालाही करावा लागतो. मार्क टू २,६९९ डॉलरला आला.

प्रश्न ३ रा : मेगापिक्सेल किती, आणि त्याने फोटो बिघडेल का?

इथे मागचा पेपर उपयोगी पडतो. ऑगस्ट २००७ मध्ये कॅननने ‘१डीएस मार्क थ्री’ आणला होता. फुल-फ्रेम, २१.१ मेगापिक्सेल, किंमत ७,९९९ डॉलर. म्हणजे २१ मेगापिक्सेलचा सेन्सर कंपनीच्या घरात तयारच होता. तोच आकडा खाली झिरपणार हा अंदाज बांधणं अवघड नव्हतं, आणि मार्क टू २१.१ मेगापिक्सेलचाच निघाला.

१२.८ वरून २१.१ ही उडी ऐकायला मोठी वाटते. पण चित्राची रुंदी बघा. ४,३६८ पिक्सेलवरून ५,६१६, म्हणजे सुमारे २९ टक्के वाढ. इंचाला ३०० ठिपके धरून छापलं तर १४.६ इंच रुंद प्रिंट १८.७ इंच रुंद होते. फरक आहे, पण जाहिरातीतल्या आकड्याएवढा डोळ्यात भरणारा नाही. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ असतं, आणि डोळा बारकावा मोजतो तो लांबीत. हे एकदा लक्षात ठेवलंत तर दुकानदार तुम्हाला गंडवू शकणार नाही.

आता भीती नॉइजची. पिक्सेलची रुंदी ८.२ मायक्रॉनवरून ६.४ वर आली, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला प्रकाश मिळणार जुन्याच्या ६१ टक्केच. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे आपल्या मर्जीने पडतात. N फोटॉन गोळा झाले तर त्यातला चढउतार √N. जुन्या पिक्सेलने १०,००० गोळा केले तर चढउतार १००, गुणोत्तर १०० : १. नव्याने ६,१०० गोळा केले तर गुणोत्तर ७८ : १. म्हणजे बिघडलंच की!

थांबा. फोटो बघताना आपण एकेक पिक्सेल बघतो का? दोन्ही फोटो एकाच आकारात छापले तर जुन्या एका पिक्सेलच्या जागेवर नवे १.६५ पिक्सेल येतात. ६,१०० गुणिले १.६५ म्हणजे पुन्हा १०,००० च्या आसपास! सेन्सर तेवढाच, प्रकाश तेवढाच. वर तीन वर्षांत सेन्सरमधली इलेक्ट्रॉनिक्स सुधारली, तो फायदा निराळाच. ५डी चा आयएसओ साधारणपणे १६०० पर्यंत आणि ताणून ३२०० पर्यंत जायचा. मार्क टूचा ६४०० पर्यंत आणि ताणून २५,६०० पर्यंत गेला. गॅदरिंगच्या अर्ध्या अंधारात फोटो काढणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

प्रश्न ४ था : सेकंदाला किती फोटो?

हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न. जुन्या ५डी त एक पिक्सेल १२ बिटचा. १.२७ कोटी पिक्सेल गुणिले १२ बिट म्हणजे एका फोटोला १९ मेगाबाइट. सेकंदाला ३ फोटो, म्हणजे ५७ मेगाबाइट. आता २.१ कोटी पिक्सेल, प्रत्येकी १४ बिट. एका फोटोला सुमारे ३७ मेगाबाइट. सेकंदाला ८ फोटो हवे असतील तर जवळजवळ ३०० मेगाबाइट दर सेकंदाला सेन्सरमधून ओढायचे, प्रोसेस करायचे आणि कार्डावर लिहायचे. १डीएस मार्क थ्रीमध्ये दोन प्रोसेसर होते, तरी तो ५ च्या वेगाने चालायचा. मग एका प्रोसेसरवाल्या स्वस्त भावाकडून ८ ची अपेक्षा म्हणजे मेसच्या आमटीत डाळ शोधण्यासारखं! मार्क टू ३.९ वर आला. हिशोब केला तर सेकंदाला १४४ मेगाबाइट, म्हणजे जुन्याच्या अडीच पट डेटा. वेग थोडाच वाढलेला दिसतो, पण आतलं काम किती वाढलंय बघा.

सगळंच मात्र फिजिक्सवर ठरत नाही. ऑटोफोकस जुनाच राहिला, तेच ९ बिंदू. ४५ बिंदूंची यंत्रणा कॅननकडे वरच्या मॉडेलमध्ये होती. माझा तर्क असा, की स्वस्त भावाला सगळंच दिलं तर महागड्याला कोण विचारणार? म्हणून अंदाज बांधताना दोन वेगळे कॉलम करावेत : ‘शक्य आहे का?’ आणि ‘कंपनी देईल का?’

प्रश्न ५ वा : आउट ऑफ सिलॅबस

मार्क टूला खरं नाव मिळवून दिलं ते १९२० × १०८० च्या व्हिडिओने. आमच्या ओळखीत कुणाच्याही यादीत तो नव्हता. पण खुणा होत्याच. डीएसएलआरमध्ये आरसा प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे वळवतो, म्हणून फोटो काढेपर्यंत सेन्सर आंधळा. २००७ च्या ४०डी आणि १डीएस मार्क थ्रीमध्ये लाइव्ह व्ह्यू आला. आरसा वर, शटर उघडं, सेन्सरवरचं चित्र सतत मागच्या पडद्यावर. जे चित्र पडद्यावर दाखवता येतं, ते दाबून-चेपून कार्डावर का लिहिता येऊ नये? डी९० ने ७२० चा व्हिडिओ देऊन हे सिद्ध केलं आणि तीन आठवड्यांत मार्क टू पुढे गेला. व्हिन्सेंट लाफोरे या फोटोग्राफरने एका वीकेंडला नमुन्याच्या कॅमेऱ्यावर ‘रेव्हरी’ ही छोटी फिल्म बनवली. मे २०१० मध्ये ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेच्या सीझनचा शेवटचा भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झालेला दाखवला गेला.

पण पहिल्या दिवशी ही सोय अर्धीच होती. व्हिडिओ घेताना शटर आणि अ‍ॅपर्चर कॅमेराच ठरवायचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधला तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण आवर्तनं येतात आणि लुकलुक जाते. ते हातात मिळालं जून २००९ च्या फर्मवेअरने. २४ आणि २५ फ्रेमचा वेग आला मार्च २०१० मध्ये. म्हणजे जाहीर झाल्यापासून दीड वर्षाने! ज्याची आपण वाट बघतो ती वस्तू दुकानात येते त्या दिवशी पूर्ण झालेली असतेच असं नाही.

प्रश्न ६ वा (अनिवार्य) : मग थांबावं का?

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्या क्लबमधला एक मुलगा थर्ड इयरला असताना कॅमेऱ्यासाठी पैसे साठवून बसला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांच्या दुकानात काम करून कमावलेले पैसे. प्रत्येक वेळी पुढच्या मॉडेलची बातमी यायची आणि हा म्हणायचा, “अजून दोन महिने.” असं करता करता बी.ई. संपलं. फेअरवेलच्या दिवशी क्लबचा कॅमेरा दुसऱ्याच्या गळ्यात होता. तो मुलगा सगळ्या फोटोंत आहे, पण त्याने काढलेला एकही फोटो नाही. नंतर त्याने उत्तम कॅमेरा घेतला. होस्टेलची ती रूम, तो मेसवाला काका आणि ते मित्र मात्र त्याच्या लेन्ससमोर पुन्हा आले नाहीत.

थांबण्यालाही किंमत असते आणि ती कुठल्याच जाहिरातीत छापलेली नसते.

म्हणून मी मुलांना एक साधा नियम सांगतो. आधी हातातल्या कॅमेऱ्याने, तो मित्राचा असो, क्लबचा असो की मोबाइल असो, पाचशे फोटो काढा. त्यातले फसलेले शंभर बाजूला काढा आणि प्रत्येकाखाली कारण लिहा : हात हलला, फोकस चुकला, उजेड कमी पडला, उभा राहिलो तीच जागा चुकली. मग येणाऱ्या मॉडेलचं गणित मांडा आणि बघा, यातली किती कारणं ते मॉडेल दूर करणार आहे. चाळीस-पन्नास निघाली आणि आगमनाची तारीख जवळ असली तर बेलाशक थांबा. पाच-दहा निघाली तर आजच मिळतो तो घ्या, जुना घ्या, सेकंडहँड घ्या, पण घ्या. मार्क टू आल्यावर जुना ५डी एका रात्रीत वाईट फोटो काढू लागला नाही. उलट नवं आलं की जुन्याचा भाव उतरतो, तोही आपल्याच फायद्याचा.

कॅनन आणि निकॉन यांचे नवे डीएसएलआर येणं २०२० नंतर थांबलं आणि ती जागा मिररलेसने घेतली. आरसा गेला, पण फोटॉनचा √N तोच आहे, वेफर गोलच आहे, आणि पुढच्या मॉडेलच्या अफवाही तितक्याच ताज्या आहेत. तेव्हा पुढच्या वेळी कुणी मेसमध्ये “आतली बातमी” घेऊन आला, तर त्याच्यापुढे कागद-पेन्सिल सरकवा आणि म्हणा, “बस, मांडून दाखव!” आणि तो मांडेपर्यंत खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्याचा एक फोटो काढून ठेवा.