मायेचे दोन शब्द स्वतःलाही

मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझ्या एका रुग्णाचे वडील गेले. ‘आजार घरात आणला तो मीच,’ हे एकच वाक्य ते गृहस्थ पुढे महिनोन्महिने घोकत राहिले. झोप नाही, छातीत धडधड. कार्डिओग्राम मात्र स्वच्छ. ‘तुमचा दोष नाही,’ असे मी कितीदा सांगितले! पालथ्या घड्यावर पाणी.

दिवाळीनंतर अशा सात जणांना मी दर शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात एकत्र बसवू लागलो. पद्धत माझी नव्हे. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी ती बसवली. तिला करुणाकेंद्री उपचार म्हणता येईल. २००६ मध्ये त्यांनी एका लहान गटाचा अनुभव प्रसिद्ध केला. बारा बैठकांनंतर रुग्णांचे स्वतःला दूषणे देणे आणि उदासी कमी झाली होती. रुग्ण सहाच, म्हणजे फारच थोडे, हे मान्य.

त्यामागचा विचार साधा आहे. कोणी अंगावर ओरडले की छाती धडधडते, पोटात गोळा येतो. आपणच मनातल्या मनात स्वतःवर ओरडलो तरी शरीर तसेच वागते. उलट मायेचा आवाज ऐकला, पाठीवर हात फिरला की ते निवते. हा आवाज स्वतःसाठी काढायला शिकायचे.

आमचे नियम दोनच. इथले बाहेर बोलायचे नाही आणि उपदेश करायचा नाही. प्रथम पाच मिनिटे पाठ ताठ, पावले जमिनीवर, श्वास संथ. मग ज्याला वाटेल त्याने बोलावे. तिसऱ्या शनिवारी एक बाई म्हणाल्या, ‘यांना दवाखान्यात न्यायला मीच उशीर केला.’ आमचे गृहस्थ चटकन म्हणाले, ‘ताई, तेव्हा तुम्हाला कसं कळणार होतं?’

मी म्हटले, ‘आता हेच स्वतःला म्हणा बघू.’

त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. रडू लागले. असे पुष्कळांचे होते. स्वतःवरची माया आधी नकोशीच वाटते. घाई करू नये.

घरी करण्यासारखे एक सांगतो. हाच प्रसंग मित्रावर आला असता तर त्याला जे लिहिले असते, ते पत्र स्वतःला लिहावे. मात्र हा औषधांना पर्याय नव्हे. जीव नकोसा वाटत असेल तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो.

त्या गृहस्थांनी पत्राला दोन महिने लावले. चारच ओळी लिहिल्या म्हणे. मी वाचायला मागितल्या नाहीत. झोपेची गोळी मात्र पुढच्या महिन्यात निम्मी केली.