व्यापाऱ्यांच्या ग्रुपमधील बनावट खाती

तुळजापूरच्या बाजारपेठेतील व्यापारी शारदीय नवरात्र आणि त्यापाठोपाठच्या आश्विन पौर्णिमेच्या यात्रेसाठी अगोदरच माल भरून ठेवतो. बांगड्या फिरोजाबादच्या, चादरी व टॉवेल सोलापूरचे. पूर्वी हा माल ठरविण्यासाठी पेठेत जावे लागे किंवा फिरत्या एजंटाची वाट पाहावी लागे. आता भाव, नमुन्याचे फोटो आणि ट्रान्सपोर्टची पावती हे सर्व व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु जेथे मालाचे आणि पैशाचे बोलणे होते तेथे बनावट खातीही शिरतात. त्यांचा बंदोबस्त कसा करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अशी खाती म्हणजे नको त्या जाहिरातींचा त्रास, एवढीच बहुतेकांची समजूत असते. कर्जाची किंवा घरबसल्या कमाईची जाहिरात पडली, ॲडमिनने खाते काढून टाकले, विषय संपला. वस्तुत: जाहिरात हा त्यातील सर्वांत किरकोळ भाग आहे. साध्या ग्रुपमध्ये पाय ठेवताच सर्व सदस्यांचे नंबर त्याच्या हाती लागतात. पुढचे काम तो ग्रुपवर करीतच नाही, एकेकाला खाजगीत गाठतो. समजा, एखाद्याने ग्रुपवर विचारले की काचेच्या हिरव्या बांगड्या कोणाकडे मिळतील? थोड्याच वेळात त्याला खाजगी निरोप येतो : माल तयार आहे, भाव बाजारापेक्षा कमी आहे, गाडी आजच भरते आहे, निम्मा बयाणा लगेच पाठवा. सोबतचे फोटो खऱ्या मालाचे असतात, कारण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याने त्याच ग्रुपवर टाकलेले असतात. यात्रा तोंडावर आलेली असते, माणूस पैसे पाठवून मोकळा होतो. बयाणा तर बुडतोच, पण ऐन हंगामात दुकानातील फळी रिकामी राहते ते नुकसान वेगळे.

म्हणून बंदोबस्त दारावरच केला पाहिजे. नवख्या माणसाला उधारीवर माल देण्यापूर्वी आपले वडीलधारे विचारीत असत, "पेठेत तुम्हाला ओळखतो कोण?" ग्रुपमध्ये घेतानाही हाच प्रश्न विचारावा. अनेक ठिकाणी असे होते की ग्रुपची लिंक फेसबुकवर किंवा दुकानाच्या जाहिरातीत छापली जाते आणि मग ती कोणाच्याही हाती पडते. फेब्रुवारी 2020 मध्ये तर उघड्यावर टाकलेल्या अशा असंख्य लिंक गुगलच्या शोधात सापडू लागल्याचे उघडकीस आले होते. आपली लिंक बाहेर गेली असेल तर ॲडमिनने ती 'रिसेट' करावी, म्हणजे जुनी लिंक निकामी होते. 2023 पासून नव्या सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश मिळू नये अशी सोयही आहे. ती चालू करावी, आणि मंजुरीपूर्वी त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या एका जुन्या सदस्याचे नाव विचारावे. ग्रुप हजार जणांचा झाला म्हणून मिरविणारे ॲडमिन आपण पाहतो. व्हॉट्सॲपने 2022 मध्ये सदस्यांची मर्यादा 1024 केली हे खरे, पण हजार अनोळखी लोकांच्या ग्रुपपेक्षा ऐंशी ओळखीच्या दुकानदारांचा ग्रुप धंद्याला अधिक उपयोगी पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याहून अवघड प्रकार म्हणजे ओळखीच्याच माणसाचे खाते परक्याच्या हाती जाणे. "माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे आला आहे, जरा सांगा," असा निरोप येतो. तो कोड प्रत्यक्षात आपल्याच खात्याची किल्ली असते. दुसरा मार्ग एपीके फाईलचा. लग्नाची पत्रिका किंवा गाडीचे चलन म्हणून ती येते, आणि उघडून बसविली की फोनमधील मेसेजही चोराला दिसू शकतात. मग आपल्याच नावाने आणि आपल्याच फोटोसह ग्रुपवर पैशाची मागणी सुरू होते. येथे दारावरचा पहारा काही करू शकत नाही. अशी मागणी आली की त्या माणसाला साधा फोन करून त्याचा आवाज ऐकावा. ज्याचे खाते गेले असेल त्याने आपल्या नंबरवर पुन्हा नोंदणी करावी. एसएमएसने आलेला कोड टाकताच चोर बाहेर पडतो. चोराने मध्यंतरी स्वत:चा पिन लावून ठेवला असेल तर खाते वापरावयास मिळण्यासाठी सात दिवस थांबावे लागते, पण चोर मात्र तोपर्यंतही आत राहू शकत नाही. हा पिन, म्हणजे 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', आपणच आज लावून ठेवलेला बरा. फाईल उघडली गेली असेल तर मात्र प्रथम फोन जाणकाराकडून साफ करून घ्यावा, नाहीतर नवा कोडही चोर वाचील.

बनावट खाते सापडले की ॲडमिन रागाने प्रथम मजकूरच पुसून टाकतो. हे चुकीचे आहे, कारण पुरावाही त्याबरोबर जातो. आधी नंबर, वेळ आणि पैसे मागितलेले खाते दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. नंतर 'रिपोर्ट' करावे. त्यावेळी त्या खात्याचे शेवटचे पाच निरोप कंपनीकडे जातात आणि तक्रार कोणी केली हे त्याला कळत नाही. त्यानंतर खाते काढावे, मजकूर पुसावा, आणि ज्यांना खाजगी निरोप आले असतील त्यांनी पुढे यावे असे ग्रुपवर सांगावे. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो आणि तोच चोर दुसऱ्या दुकानदाराला गाठतो.

पैसे गेले असतील तर तास न दवडता 1930 या क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणक वा मोबाईलद्वारे फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सिम मात्र पुष्कळदा तिसऱ्याच माणसाच्या कागदपत्रांवर घेतलेले असते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहता येते. आपले नसलेले सिम तेथूनच कळवावे.

ॲडमिन होण्यास काहीजण कायद्याच्या भीतीने तयार होत नाहीत. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये असे म्हटले की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित बेत असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा दोन-तीन जणांनी मिळून ही जबाबदारी घ्यावी. यात्रेच्या गर्दीत एकाला मान वर करायला फुरसत नसते.

एक सावधगिरी मात्र हवी. एखादा गरीब कारागीर आपल्या मालाचे फोटो दिवसातून चार वेळा टाकतो. ग्रुपची रीत त्याला ठाऊक नसते, पण त्याचे दुकान खरे असते आणि नंबरही खरा असतो. त्याला बनावट ठरवून काढून टाकू नये. फोन करून दिवसातून एकदाच टाकण्यास सांगावे.