नवी प्रणाली, जुना दुभाष्या

आमच्या घरात संगणकाला हात लावणारा मीच पहिला. म्हणून ड्रायव्हर म्हणजे काय, हे आईला सांगितले तसेच येथे सांगतो. तो प्रणाली आणि ग्राफिक्स कार्ड यांमधला दुभाष्या. जानेवारी २००७ मध्ये ‘व्हिस्टा’ घरगुती ग्राहकांसाठी आली आणि बोलीच बदलली. एक्सपीत ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात चाले. तो कोसळला की पडदा निळा पडून सारा संगणक ठप्प! व्हिस्टाने त्याचा मोठा भाग गाभ्याबाहेर काढला. हेतू उत्तमच, पण कंपन्यांना ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले, आणि ते कच्चे निघाले. अमेरिकेतील खटल्यात पुढे आलेल्या कागदपत्रांनुसार २००७ मध्ये नोंदलेल्या व्हिस्टाच्या बिघाडांपैकी २८.८ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरांचे होते. बोल मात्र व्हिस्टालाच लागला. २००९ च्या ‘विंडोज ७’ने मूळ रचना तीच ठेवली, तोवर दुभाषे नवी बोली शिकले होते.