साबणाचा फेस

(गॅसची गळती नाकाला कळते, पण ती नेमकी कोठे आहे, हे कसे शोधावे? एका मुलीने ते कसे शोधले, हे या पाठात वाचा.)

मी आठवीत शिकते. आम्ही वर्ध्याला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सर्व जण गिरडला गेलो. गिरड हे वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातले गाव. तेथील टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. सर्व धर्मांचे लोक तेथे येतात. काही जण तेथेच स्वयंपाक करून जेवतात.

आम्हीही पुलाव करणार होतो. चाचांनी दादीच्या खोलीतली शेगडी, रबरी नळी आणि पाच किलोचा लहान सिलिंडर बरोबर घेतला. सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, तोंडावर टोपी बसवली आणि सामानाच्या उघड्या टेम्पोत तो उभा बांधून ठेवला. आम्ही मागून जीपने निघालो.

गिरडला झाडाखाली शेगडी मांडली. वारा लागू नये म्हणून चाचांनी तीन बाजूंनी कनात बांधली. रेग्युलेटर बसवून सुरू केला. दादी कांदे चिरत होत्या. थोड्या वेळाने मला उग्र वास आला.

“दादी, तुम्हाला गॅसचा वास येतो का?” मी विचारले.

“नाही बेटा. मागच्या तापापासून मला कसलाच वास येत नाही,” दादी म्हणाल्या.

चाचा हसून म्हणाले, “अगं, आपण उघड्यावर आहोत. काडी ओढून बघतो, गॅस कोठून येतो ते!” त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

“चाचा, थांबा!” मी ओरडले. “हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो. कनातीच्या आत तो साचला असेल!”

चाचांचा हात तसाच थांबला. अब्बांनी लगेच रेग्युलेटर बंद केला. आम्ही कनात सोडली आणि सर्व जण दूर झालो.

वास गेल्यावर मी वाटीत साबणाचे पाणी केले. शेगडीची बटणे बंद ठेवून अब्बांनी रेग्युलेटर पुन्हा सुरू केला. मी रेग्युलेटरवर, नळीवर आणि नळीच्या दोन्ही टोकांना फेस लावला. रेग्युलेटरजवळ नळीवर लहान लहान बुडबुडे येऊ लागले. तेथे नळीला बारीक चिरा पडल्या होत्या.

“चिकटपट्टी गुंडाळू या,” चाचा म्हणाले.

“नको,” अब्बा म्हणाले. “फेसाने गळती दिसते, बुजत नाही. चिकटपट्टीचाही भरवसा नाही. नळी नवीनच हवी.” त्यांनी रेग्युलेटर काढून टोपी लावली.

शेजारी हिंगणघाटचे एक कुटुंब स्वयंपाक करत होते. त्यांनी आपली चूल आम्हांला दिली. पुलावाला धुराचा थोडा वास लागला. पण तो सर्वांनी आवडीने खाल्ला.

जेवताना अब्बांनी सांगितले, “या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. १९३७ साली अमेरिकेतील न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू इमारतीखाली साचला. कोणालाही ते कळले नाही. १८ मार्चला स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक मरण पावले. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे नियम झाले. परदेशांत स्वयंपाकघर असलेल्या फिरत्या गाड्या असतात. तेथे सिलिंडरच्या कपाटाला तळाशी भोके ठेवतात. गळलेला जड गॅस त्यांतून बाहेर जातो.”

चाचा गप्प होते. मग हळूच म्हणाले, “ही नळी अम्मीच्या खोलीतली आहे. अम्मी रोज पहाटे दार लावून चहा करते. आणि तिला तर वास येत नाही.”

कोणी काही बोलले नाही.

घरी येताच चाचांनी नवी नळी आणली. तिच्यावर बनवल्याचे साल छापलेले होते. अशी नळी पाच वर्षांनी बदलावी लागते. आता दर महिन्याला चाचा साबणाच्या फेसाने सर्व जोड तपासतात. तेव्हा वाटी मात्र दादीच धरतात!

शब्दार्थ
गळती – गॅस किंवा पाणी झिरपून बाहेर येणे
उग्र – तीव्र
कनात – आडोशासाठी बांधलेला कापडी पडदा
बुजणे – बंद होणे

लक्षात ठेवा
घरात गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या उघडा. विजेचे कोणतेही बटण दाबू नका. घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चाचांनी कनात का बांधली?
(आ) दादींना गॅसचा वास का आला नाही?
२. कारणे लिहा.
(अ) मुलगी “चाचा, थांबा!” असे ओरडली.
(आ) अब्बांनी चिकटपट्टी लावू दिली नाही.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : जड, उघडा, नवीन, दूर.
४. ‘चाचा गप्प होते.’ त्यांच्या मनात कोणते विचार आले असतील? चार-पाच वाक्ये लिहा.
५. घरातील मोठ्या माणसांबरोबर गॅसची नळी पाहा. तिच्यावरचे साल वहीत लिहा.