दोन यमुना



मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात, त्या ‘यमुनापर्यटन’चे (१८५७) लेखक बाबा पद्मनजी हे १८३१ साली आपल्या बेळगावात जन्मले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. कादंबरी त्याच्या पुढच्याच वर्षीची. तिची नायिका यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, गावोगावच्या विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे स्वतःच विधवा होते. विषय मोठा, पण पात्रे येतात, दुःख सांगतात आणि जातात. मध्ये उपदेशही बराच आहे. खरे सांगायचे तर आज ती नेटाने वाचावी लागते.

दुसरी यमुना हरिभाऊ आपट्यांची. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. ही यमू आपली हकीकत स्वतःच सांगते. पुरुष लेखकाने बाईच्या तोंडून इतके मोठे निवेदन करायचे, तेही घरातल्या साध्या बोलीत, ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट. माहेरी मोकळे बोलणारी मुलगी सासरी प्रत्येक शब्द तोलू लागते. मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचे नाही, वाचायला शिकली तर टोमणे ऐकायचे. मुंबईला नवऱ्याबरोबर बिऱ्हाड केल्यावर काही दिवस ती मोकळा श्वास घेते. नवरा जातो आणि सगळे संपते.

वाचताना शंकरमामंजींकडे नीट लक्ष द्या. आरडाओरडा करणारा खलनायक शोधाल तर फसाल. तोंडात सतत धर्म आणि घराण्याची अब्रू. वागणे मात्र निराळे. यमूच्या केशवपनाचा आग्रह धरणारे तेच. घरातले बाकीचे काय करतात? काही हळहळतात, काही गप्प बसतात. मला हे गप्प बसणारेच अधिक भयंकर वाटतात. कादंबरीच्या नावातला प्रश्न त्यांनाच विचारलेला आहे, असे माझे मत.

पुस्तक जाडजूड आहे, सुट्टीत घ्या. आणि एक काम करा. घरातील आजीला किंवा पणजीला विचारा: लग्नानंतर तुम्ही सासऱ्यांसमोर बसत होता का? नवऱ्याला हाक कशी मारत होता? पंगतीत कोण आधी जेवत असे? उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून आणा, कानडी शब्द आले तर तेही तसेच राहू द्या. यमूचे सासर वर्गात शिकवताना आपण ती वही शेजारी उघडून ठेवू.